थंडीत मोटारसायकल चालवताना हात उबदार ठेवण्यासाठी

हवेचे तापमान १० अंश सेल्सिअस असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चालवल्यास समोरच्या वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांइतका गारठा जाणवतो, म्हणून हातमोजे निवडताना जाडीपेक्षा ते वारा अडवतात का, हे आधी पाहावे. लोकरीचे मोजे कितीही जाड असले तरी त्यांच्या विणीतून वारा आरपार जातो. मात्र वारारोधक हातमोज्यांच्या आत पातळ लोकरी मोजे घातल्यास ऊब चांगली टिकते. मोजे घट्ट नसावेत, कारण बोटांवर दाब आला की रक्तप्रवाह मंदावतो. हँडल आवळून धरल्यानेही तेच होते.

पुष्कळजण विसरतात ती गोष्ट म्हणजे छाती आणि मान. धड गारठले की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडील रक्तपुरवठा कमी करते, त्यामुळे चांगले जाकीट आणि गळपट्टा यांचा बोटांनाही थेट फायदा होतो. मनगटाशी फट राहू देऊ नये. हँडलला हँडगार्ड बसवता आल्यास उत्तमच.

बोटे बधिर होऊन ब्रेक आणि क्लचच्या दांडीवरचा दाब नीट कळेनासा झाला, तर गाडी ताबडतोब सुरक्षित जागी थांबवावी आणि हात काखेत धरून ऊब आणावी. तापलेल्या सायलेन्सरवर हात शेकू नयेत.