घराण्याचा आणि जमिनीचा जुना इतिहास शोधायचाय? मग उलटं चाला

आधीच सांगतो, डायरेक्ट पुण्याच्या पेशवे दफ्तरात (पेशवेकाळातल्या सरकारी कागदांच्या संग्रहात) जाऊ नका. बरेच जण तिथे आडनाव सांगतात, "आमचं काही आहे का बघा" म्हणतात आणि हात हलवत परत येतात, कारण ते कागद आडनावानुसार लावलेलेच नाहीत, गाव कुठल्या तरफेत, कुठल्या परगण्यात (म्हणजे जुन्या महसुली विभागात) होतं हे माहीत असेल तरच कुठला रुमाल, म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, मागायचा ते ठरतं. म्हणून आजच्या कागदापासून मागे मागे जायचं.

पहिलं काम म्हणजे सातबारा (शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्ड). त्यावरचे फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) नंबर उतरवून घ्या आणि एकेका फेरफाराची नक्कल काढा. खरा माल इथेच आहे! कोण कधी वारलं, वारस कोण लागले, वाटणी कशी झाली, जमीन कोणाला दिली, कर्ज कोणाचं होतं, सगळं त्यात येतं. लग्न होऊन गेलेल्या आत्या-मावश्या, ज्यांची नावं घरातल्या वंशावळीत कोणी लिहिलीच नाहीत, त्या कधीकधी वारस नोंदीतच सापडतात. हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, त्यामुळे त्याच्या मागचे फेरफार शोधत बसू नका.

आता एक घोळ. 1947 च्या कायद्याने जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, मग जुन्या कागदावरचा नंबर आज भलत्याचाच निघतो. भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता मागा, तो हातात आल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14 बघा, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, लोक कोतवाल बुक म्हणतात. खूपशी मोडीत असतात. आडनाव नसेल तर गोंधळू नका, "तुकाराम बिन मारुती" म्हणजे मारुतीचा मुलगा, आणि बाईच्या नावापुढे "कोम" असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूरला तुमचे तीर्थोपाध्याय (तीर्थक्षेत्रावरचे घराण्याचे भटजी) असतील तर त्यांच्या वह्याही बघून घ्या, जमिनीचं काही नसतं पण पिढ्या जुळतात.

एवढं झालं की मग दफ्तर किंवा संशोधन मंडळं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1910 मध्ये काढलेलं पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. जायच्या आधी फोन करून वेळ, परवानगी, फोटो काढू देतात का हे विचारा. वतन, इनाम, पाटीलकी-कुलकर्णीपणाचे वाद असलेल्या घराण्यांचे कागद जास्त मिळतात, कारण भांडण झालं की कागद होतो. साध्या कुळाचं नाव तिथे क्वचितच येतं, आधीच मनाची तयारी ठेवा.

तारखा बदलून घ्यायला विसरू नका. इसवी सन काढायला शकात 78 किंवा 79 मिळवा, शुहूर सनात (जुन्या मराठी कागदांतली अरबी कालगणना) 599 किंवा 600. मोडी येत नसेल तर वाचणाऱ्याकडून आधी जसंच्या तसं बाळबोधमध्ये (आपल्या नेहमीच्या देवनागरीत) लिहून घ्या, अर्थ वेगळा विचारा, नाहीतर वाचणाऱ्याचा अंदाजच तुमचा इतिहास होतो. प्रत्येक फोटोसोबत रुमाल नंबर आणि कागदाचा नंबर लगेच टिपा. आणि कोर्टात काही दाखवायचं असेल तर मोबाईलमधल्या फोटोवर राहू नका, सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कलच काढा.