आपल्या शरीराशी सख्य कसे करावे

आरशासमोर उभे राहून रोज सकाळी ‘मी सुंदर आहे’ असे म्हणावे, हा सल्ला बहुतेक स्त्रियांनी एकदा तरी ऐकलेला असतो. मात्र ज्यांना त्याची खरी गरज असते, नेमका त्यांनाच तो लागू पडत नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य स्वतःशी म्हणायला सांगितल्यावर, मुळात स्वतःविषयी फारसे चांगले मत नसलेल्यांना बरे वाटण्याऐवजी अधिकच वाईट वाटले. याचे कारण समजण्यासारखे आहे: न पटलेले वाक्य उच्चारले की मन लगेच त्याच्या विरुद्धचे पुरावे शोधू लागते. म्हणून स्वतःला सौंदर्य पटवून देण्याचा खटाटोप येथे बाजूला ठेवला आहे. दिवसभरात दिसण्याकडे जाणारे लक्ष कमी कसे करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे, आणि माझ्या मते शरीराविषयीचा विश्वास वाढण्याची तीच खरी वाट आहे.

सुरुवात मोजण्यापासून करावी. एक आठवडा छोटी वही जवळ ठेवून, आपण किती वेळा पोट आत ओढले, काचेत स्वतःला न्याहाळले, फोटोत आधी स्वतःला शोधले किंवा बसल्यावर कपडे सारखे केले, याच्या नुसत्या खुणा कराव्यात. स्वतःला दोष देऊ नये आणि सवय मोडण्याची घाईही करू नये. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये असे मांडले की, सतत पाहिल्या जाणाऱ्या स्त्रिया हळूहळू स्वतःकडेही बाहेरून पाहू लागतात. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात काही जणांना स्वेटर आणि काही जणांना पोहण्याचा पोशाख घालून, बंद खोलीत एकट्याने गणिताची चाचणी सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातील स्त्रियांचे गुण घसरले, पुरुषांचे मात्र घसरले नाहीत. त्या खोलीत पाहणारे दुसरे कोणीही नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वहीतल्या खुणा म्हणजे या आतल्या पहारेकऱ्याची हजेरीच असते.

आठवड्यानंतर आरशाला काम ठरवून द्यावे. त्याच्यासमोर जाण्यापूर्वी ‘केस विंचरायचे आहेत’ किंवा ‘कपड्यांची पाठ तपासायची आहे’ असे मनात म्हणावे आणि ते काम झाले की तेथून दूर व्हावे. आठवड्यातून एकदोनदा मात्र याच्या उलट करावे: संपूर्ण शरीर दिसेल अशा अंतरावर उभे राहून, डोक्यापासून पायापर्यंत, एकही भाग न वगळता आणि एकाही भागावर न रेंगाळता, निव्वळ वर्णन करावे. ‘दंड थुलथुलीत आहेत’ हा निवाडा झाला. ‘दंड वरच्या बाजूला गोल आहेत आणि कोपराजवळ निमुळते होतात’ हे वर्णन झाले. पहिल्या काही वेळा हे अत्यंत कंटाळवाणे वाटते, आणि ते तसे वाटणे हीच प्रगती समजावी. मात्र एखाद्याच अवयवाच्या विचारात रोज तासन्‌तास जात असतील, त्यापायी घराबाहेर पडणे टाळले जात असेल, जेवण चुकवणे किंवा जेवल्यावर मुद्दाम उलटी करणे सुरू झाले असेल, तर हा उपाय स्वतःच्या जबाबदारीवर करू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. या त्रासांवर उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो.

फोनच्या कॅमेऱ्यावर आरशाइतकाही विश्वास ठेवू नये. सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा तळ दीड मीटरवरून काढलेल्या छायाचित्रापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात दाखवून दिले आहे. हा अंतराचा परिणाम आहे, चेहऱ्याचा त्यात काही दोष नाही.

मग प्रश्न येतो तो दुसऱ्यांच्या छायाचित्रांचा. सौंदर्याचे निकष आपल्याला जन्मजात मिळालेले नसतात, ते शिकवले जातात, आणि किती झपाट्याने शिकवले जातात हे मानववंशशास्त्रज्ञ ॲन बेकर यांच्या फिजी बेटांवरील अभ्यासातून दिसते. तेथे भरलेला, दणकट बांधाच चांगला मानला जात असे. १९९५ मध्ये एका भागात टीव्ही नव्याने पोहोचला, तेव्हा खाण्याविषयीच्या विकृत वृत्तींच्या चाचणीत १२.७ टक्के शाळकरी मुली धोक्याच्या पातळीवर होत्या. १९९८ मध्ये हे प्रमाण २९.२ टक्के झाले. वजन कमी करण्यासाठी उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती, दुसऱ्या पाहणीत अशा मुली ११.३ टक्के होत्या. फ्रान्सने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२२ पासून, शरीराचा आकार बदललेल्या जाहिरातींवर तशी सूचना छापणे बंधनकारक केले. हे कायदे स्वागतार्ह आहेत, पण सूचना वाचली म्हणून तुलना थांबते असे मला वाटत नाही. चित्र आधी डोळ्यांत शिरते, अक्षरे नंतर. त्यामुळे आपल्या फोनवरची निवड आपणच करावी. सोशल मीडियावरचे प्रत्येक खाते पाहून झाल्यावर अंगावरचे कपडे घट्ट वाटू लागतात का, एवढे एकच विचारावे, आणि उत्तर ‘हो’ असेल तर ते खाते पाहणे बंद करावे, मग ते व्यायामाचे किंवा आरोग्याचे म्हणवून घेत असले तरीही.

आकड्यांबाबतही असेच कठोर व्हावे. उंची आणि वजनाचे जे गुणोत्तर आज बॉडी मास इंडेक्स म्हणून ओळखले जाते, ते १८३० च्या दशकात बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले या गणितज्ञाने लोकसमूहातील ‘सरासरी माणूस’ शोधताना मांडले. त्याला आजचे नाव अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. डॉक्टरांना इतर तपासण्यांसोबत त्याचा उपयोग होतो, परंतु स्नायू किती आणि चरबी किती हेही तो सांगत नाही, मग बाईची लायकी सांगणे दूरच राहिले. वजनही पाणी, जेवण आणि मासिक पाळी यांमुळे एकदोन किलोने सहज वरखाली होत असते, त्यामुळे रोज काट्यावर उभे राहण्यातून माहिती फारशी मिळत नाही, मनस्ताप तेवढा मिळतो. वैद्यकीय कारण नसेल तर काटा कपाटाच्या आत ठेवावा.

यानंतर लिहिण्याचे एक काम करावे. संशोधक जेसिका अलेवा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तपासून पाहिलेल्या पद्धतीत स्त्रियांनी एका आठवड्यात तीनदा, प्रत्येकी १५ मिनिटे, आपले शरीर काय काय करते याविषयी लिहिले आणि त्यांचे स्वतःच्या शरीराविषयीचे समाधान वाढले. ऐकणे, चव घेणे, जखम भरून काढणे, कुशीत घेणे, हसणे, झोपणे हे सगळे त्यात येते. आजारी किंवा अपंगत्व असलेल्या स्त्रीलाही हे करता येते, मात्र तिने पूर्वीच्या शरीराशी तुलना करू नये. आजचे शरीर आज काय करते, तेवढेच लिहावे.

लोकांच्या बोलण्याचे काय, हा सर्वांत चिवट भाग आहे. ‘किती जाड झालीस’ किंवा ‘अगदीच वाळलीस गं’ असे म्हणणाऱ्या व्यक्तीला स्पष्टीकरण देऊ नये, कारण त्याने शरीर हा चर्चेचा विषय आहे हे आपणच मान्य करतो. ‘माझ्या वजनावर मला बोलायचं नाही, तुमची तब्येत कशी आहे?’ असे शांतपणे म्हणून विषय बदलावा, आणि गरज पडेल तितक्या वेळा तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा म्हणावे. मैत्रिणींमध्ये प्रत्येकीने आपापल्या मांड्यांना नावे ठेवण्याची फेरी सुरू झाली, तर आपण आपली पाळी सोडावी. घरात मुलगी असेल तर हे अधिक महत्त्वाचे ठरते. तिला कितीही वेळा छान म्हटले तरी आई स्वतःच्या पोटाविषयी काय बोलते हे ती ऐकतच असते.

शेवटी कपाट उघडावे. बारीक झाल्यावर घालायचे म्हणून जपून ठेवलेले कपडे बाहेर काढून देऊन टाकावेत, आणि देववत नसतील तर निदान रोज हात जाणार नाही अशा जागी बांधून ठेवावेत. आजच्या मापाचे, बसताना आणि वाकताना न काचणारे दोनतीन जोड घ्यावेत. मापाचा आकडा दर कंपनीगणिक बदलत असल्यामुळे त्याचे मनावर घेऊ नये. खुपत असेल तर चिठ्ठी कात्रीने कापून टाकावी.