कळा सुरू झाल्या, मग सिझर का? प्रसूतिकक्षात काय पाहावे, काय विचारावे

नॉर्मलसाठी कळा घेतलेल्या बाईचे शेवटी सिझर होते तेव्हा घरच्यांच्या कानावर बहुधा दोनपैकी एक वाक्य येते: ‘पिशवीचे तोंड उघडत नाही’ किंवा ‘बाळाचे ठोके कमी होतायत’. पहिल्यात बहुतेक वेळा विचारायला आणि थांबायला सवड असते. दुसऱ्यात ती कधी असते, कधी अजिबात नसते.

पिशवीचे तोंड पूर्ण उघडते म्हणजे १० सेंटिमीटर. ४ सेंटिमीटरनंतर तासाला १ या वेगाने ते उघडलेच पाहिजे, हा हिशेब कित्येक वर्षे चालला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तो बदलला. आता खरी प्रसूती ५ सेंटिमीटरपासून धरतात आणि तिथून पुढे पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात. ५ च्या आधीच्या टप्प्याला ठरावीक मुदतच नाही. म्हणून आई-बाळ ठीक असताना केवळ ‘३ वरच अडकलंय’ हे सिझरचे कारण होत नाही. आमच्या मते टाळता येण्याजोगी सिझर सर्वांत जास्त इथेच होतात.

त्यामुळे फार लवकर दाखल होऊ नका. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर मोजा. साधारण मिनिटभर टिकणाऱ्या कळा दर ५ मिनिटांनी, सलग तासभर येऊ लागल्या की निघा. पण पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल मंदावली, ३७ आठवडे भरलेले नाहीत, आधीचे सिझर आहे किंवा दवाखाना लांब आहे, तर कळा मोजत बसू नका. लगेच निघा, गाडी नसेल तर १०८ लावा.

तोंड उघडणे थांबते त्याची कारणे वेगवेगळी असतात. कळा कमजोर असतात: १० मिनिटांत ३ ते ५ हव्यात. त्या कमी असतील तर पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फोडतात, सलाईनमधून कळा वाढवणारे ऑक्सिटोसिन देतात; ५ पेक्षा जास्त होऊ लागल्या तर तेच औषध कमी किंवा बंद करावे लागते, नाहीतर दोन कळांमध्ये बाळाला उसंत मिळत नाही. कधी बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असते. कळ पोटापेक्षा कमरेत जास्त येते आणि डोके वळायला वेळ लागतो. चालणे, उभे राहणे, कूस बदलणे, गुडघे-हातांवर ओणवे होणे याने आराम पडतो. दर दोन तासांनी लघवी करावी. भरलेले मूत्राशय डोक्याच्या वाटेत येते. ‘कटीर (बाळ ज्यातून बाहेर येते तो कमरेच्या हाडांचा भाग) लहान आहे’ हे मात्र नवव्या महिन्यातल्या तपासणीवरून खात्रीने सांगता येत नाही, ते चांगल्या कळा मिळाल्यावरच कळते.

कळा औषधाने सुरू केल्या असतील तर धीर आणखी लागतो. पाणमोट फुटल्यावर ऑक्सिटोसिन १२ ते १८ तास चालू राहूनही खरी प्रसूती सुरू झाली नाही, तरच प्रयत्न फसला म्हणतात.

आता ठोके. मिनिटाला ११० ते १६० ठीक. ठोके नोंदवणाऱ्या मशीनच्या कागदी पट्टीवर थोडा उतार दिसला की बाळ गुदमरलेच असे नाही. पट्टी खोटे इशारेही देते. आधी आईला डाव्या कुशीवर वळवतात, ऑक्सिटोसिन थांबवतात, रक्तदाब पाहतात, नाळ खाली आली नाही ना ते तपासतात. ठोके ११० च्या खाली गेले आणि ३ मिनिटांतही सावरले नाहीत, की ऑपरेशनची तयारी सुरू होते. नाळ बाहेर आली, वार आधीच सुटून पोट दगडासारखे झाले, जुन्या सिझरचा टाका उसवला, तर प्रश्न विचारू नका. लगेच सही द्या.

१० सेंटिमीटर होऊनही डोके उतरत नसेल, तर पहिलटकरणीने साधारण ३ तास, आधी बाळंत झालेलीने २ तास जोर करून पाहावा. डोके पुरेसे खाली असेल तर व्हॅक्यूम किंवा चिमटा चालतो. या वेळचे सिझर अवघड असते, कारण डोके कटिरात रुतलेले असते.

घाई नसेल तर सोबतच्या बाईने शांतपणे विचारावे: तोंड किती उघडलेय, मागच्या तपासणीला किती होते, पाणमोट फुटून किती तास झाले, १० मिनिटांत कळा किती, ठोके कसे आहेत, आणि सगळे ठीक असेल तर दोन तासांनी पुन्हा तपासता येईल का? सोबतीण सतत जवळ असली तर सिझरचे प्रमाण कमी होते. सरकारी दवाखान्यांतही तिला प्रसूतिकक्षात राहू देण्याचे धोरण २०१६ पासून आहे.

सिझर झालेच, तर घरी जाण्याआधी लेखी मागा: कारण काय, तोंड किती उघडले होते, पिशवीवरचा छेद खाली आडवा की उभा. पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा की नाही, हे बरेचसे त्या छेदावर ठरते. एक आडवा छेद असताना प्रयत्न करणाऱ्या १० जणींपैकी ६ ते ८ जणींची नॉर्मल होते. टाका उसवण्याचा धोका साधारण २०० त १ असतो, म्हणून हा प्रयत्न चोवीस तास ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच करावा.