ट्रेकच्या सुरीला शिसवी मूठ कशी बसवावी

दुकानातून आणलेल्या सुरीची मूठ बहुतेक वेळा प्लास्टिकची, गुळगुळीत, आणि हाताला घाम सुटला की सटकणारी. तरी घरी आणल्या आणल्या तिच्यावर कानस चालवू नका. आधी चार-सहा ट्रेक तिला राबवा. कांदे चिरा, दोर कापा, काटक्या तासा. तासाभराच्या कामानंतर तळव्याला जिथे टोचतं, तिथे मुठीवर पेनाने फुली मारा. नवी मूठ घडवताना त्या फुल्या उपयोगी पडतात.

मी सांगतोय ते न मिटणाऱ्या, कार्बन स्टीलच्या सुरीबद्दल. तिचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेलं असतं आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात. स्वीडनमधल्या मोरा गावच्या प्रसिद्ध सुऱ्यांपैकी स्वस्त मॉडेलांत मूठ पोलादावरच ओतलेली असते, ती फोडल्याशिवाय निघत नाही. पहिल्या प्रयोगाला अशी सुरी घेऊ नका.

लाकूड शिसवीचं घ्या. जड, घट्ट, तासल्यावर गर्द तपकिरी. पण ते पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात तडकतं. वखारीत शोधण्यापेक्षा जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या सुताराकडे जा. मोडक्या पलंगाच्या खुरातून दोन पट्ट्या सहज निघतात आणि ते लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं. पट्टी १० मिमी जाड, रुंदी-लांबी जुन्या पट्टीपेक्षा थोडी जास्त. सोबत दोन भागांचं, सावकाश सुकणारं एपॉक्सी (दोन्ही भाग एकत्र कालवून वापरायचा पक्का गोंद), सुरीच्या भोकांच्या मापाची पितळी सळई (बहुतेक ५ किंवा ६ मिमी), अर्धगोल कानस आणि ८० ते ४०० नंबरचे पॉलिश पेपर.

कामाला लागण्याआधी पात्याला पुठ्ठा गुंडाळून वर चिकटपट्टी मारा. ही पायरी टाळणाऱ्यांच्या बोटांवर टाके पडलेले मी पाहिलेत. शिसवीची भुकटी घसा आणि डोळे चुरचुरवते, म्हणून मास्क लावा.

आता जुने स्क्रू काढा. पट्ट्या निघाल्या की आतलं पोलाद ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करून थिनरने पुसा. बोटांचं तेल राहिलं तर एपॉक्सी धरत नाही. पहिली लाकडी पट्टी क्लॅम्पने पक्की धरून सुरीच्या भोकातूनच लाकडात एक भोक पाडा. त्यात सळईचा तुकडा घाला आणि मगच दुसरं पाडा. सळईमुळे पट्टी सरकत नाही. दुसऱ्या पट्टीलाही हेच.

पट्टीचं पात्याकडचं टोक चिकटवण्याआधीच पूर्ण गोलावून, ४०० नंबरपर्यंत घासून घ्या. दोन्ही पट्ट्या सळईत ओवून एकदम घासल्या तर टोकं तंतोतंत जुळतात. एकदा चिकटवल्यावर तिथे पेपर फिरवला की पात्यावर ओरखडे आलेच. माझ्या पहिल्या सुरीवर ते अजून आहेत.

एपॉक्सी समप्रमाणात कालवा, पट्ट्या आणि पोलाद दोन्हींना लावा, सळया ठोका, क्लॅम्प आवळा. पण फार नाही. सगळा चिकट माल बाहेर पिळला गेला तर आत धरायला काही उरत नाही. पात्याकडे आलेला ओघळ स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने लगेच पुसा. मग चोवीस तास हात लावू नका.

आकार देताना घाई करायची नाही. पोलादाच्या कडेपर्यंत लाकूड उतरवा, मग कडा गोल करा. मूठ गोल नको, अंड्यासारखी लांबट हवी, म्हणजे डोळे मिटूनही धार कुठे आहे ते हाताला कळतं. मागचं टोक किंचित फुगीर ठेवा. कोयत्याची मूठ शेवटी वळवलेली असते ती त्यासाठीच, ओढताना हातातून निसटत नाही. मधूनमधून मूठ धरून बघा आणि फुल्या आठवा.

ग्राइंडरला मात्र मोह झाला तरी शिवू नका. लोहार पोलादाला पाणी देतो म्हणजे तापवून विझवतो आणि पुन्हा बेताचं तापवतो, त्यावर धार टिकते. ग्राइंडरच्या चाकाखाली कड निळी पडली की ते पाणी उतरलं. एका सुरीची टोकाकडची तीन-चार सेंटिमीटर धार मी अशीच घालवली. ती आता फक्त आमटीतलं लोणी कापते. चकमकीची सळई घासण्यासाठी पाठीची कड काटकोनी करायची असेल तर तीही कानसीनेच करा. अभयारण्यात आग पेटवायला बंदी असते हे लक्षात घेतलं तर त्या कडेची गरज सगळ्यांना नाही.

लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. उभे राहिलेले तंतू ४०० नंबरने घासा. मग जवसाचं तेल चोळा आणि पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसा. असे रोज एक, पाच-सहा हात. तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

नाव कोरायचं असेल तर भांडीवाल्याकडची नाव घालायची सुई कडक पात्यावर घसरते, ती मुठीतल्या पितळी सळईच्या टोकावर चालवा. पात्याला राखाडी रंग हवा असेल तर साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून कोमट व्हिनेगरने भिजवलेला टिश्यू पंधरा-वीस मिनिटं गुंडाळा. कैरी चिरल्यावर विळी काळी पडते तेच हे, फक्त मुद्दाम. याने गंज हळू चढतो, थांबत नाही.

म्यानाला कोल्हापुरी चपलेचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं मिळालं तर उत्तम. धारेच्या बाजूला शिवणीत कातड्याची एक पट्टी आत घाला, नाहीतर सुरी टाके कापत जाते. शिवलेलं म्यान भिजवून, सुरीला प्लास्टिक गुंडाळून आत घाला आणि सावलीत वाळवा.

कायद्याने ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं परवान्याच्या कक्षेत येतं, घरगुती आणि शेतीची हत्यारं सोडून. ट्रेकला १० सेंटिमीटर पुरतं. विमानात ती हातातल्या बॅगेत चालत नाही.

जून ते सप्टेंबर सुरी म्यानात ठेवू नका. कातडं दमट हवा धरून ठेवतं. खोबरेल तेलाचा पातळ हात देऊन कागदात गुंडाळा, म्यान खुंटीला वेगळं टांगा.