रोबोटचा बॉल शूटर: दहावा चेंडू पहिल्याच जागी पडावा म्हणून

चेंडू लांब फेकायला एक फिरतं चाक आणि एक मोटर पुरते. अडतं ते दुसऱ्या चेंडूला: पहिला बरोबर टोपलीत, दुसरा हातभर अलीकडे, तिसरा त्याच्याही अलीकडे. 2025 च्या एबीयू रोबोकॉनचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धेचा, विषयच बास्केटबॉल होता. अशा सामन्यात लागोपाठच्या फेकी सारख्या पडल्या तरच गुण मिळतात. म्हणून शूटरची आखणी करताना ताकदीआधी सारखेपणाचा विचार करा.

आधी वेग काढा, मग मोटर घ्या

समजा, चेंडू फोमचा, 18 सेंमी व्यासाचा आणि 150 ग्रॅमचा आहे. टोपली 3 मीटर दूर आणि 2.4 मीटर उंच आहे. चेंडू जमिनीपासून 60 सेंमीवरून 60 अंशांत सुटतो. म्हणजे त्याला 1.8 मीटर वर चढायचंय. प्रक्षेप्य गतीच्या नेहमीच्या सूत्राने सुटतानाचा वेग सेकंदाला साधारण 7.2 मीटर येतो.

इथेच बरेच संघ चुकतात. खाली एक चाक आणि वर स्थिर वाकवलेला पत्रा, म्हणजे हूड, अशा रचनेत चेंडू हुडावरून घरंगळत जातो. त्यामुळे त्याचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाच्या निम्माच राहतो. कडेला सेकंदाला 14.4 मीटर वेग हवा, म्हणजे 100 मिमी व्यासाच्या चाकाला सुमारे 2,750 आरपीएम (मिनिटाला फेरे). थोडी घसरण होणारच, ती 15 टक्के धरून 3,200 वर चला. दोन्ही बाजूंना उलट फिरणारी दोन चाकं लावली तर निम्म्या आरपीएममध्ये भागतं, पण दोन्हींचा वेग तंतोतंत जुळवत बसावं लागतं. एका चाकाच्या रचनेत चेंडूला उलटी फिरकीही मिळते आणि टोपलीमागच्या फळीवर आपटल्यावर तो टोपलीकडे वळतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी एकच चाक घ्यावं.

मोटर कमाल वेगावर पळवू नका. लागणारा वेग कमाल वेगाच्या 70-75 टक्के असावा, म्हणजे वेग पडल्यावर सावरायला जोर उरतो. इथे चाकापाशी कमाल वेग 4,500 च्या आसपास हवा. 10,000 आरपीएमची 12 व्होल्ट मोटर असेल तर 5 मिमी पिचच्या (दोन दातांमधल्या अंतराच्या) टायमिंग बेल्टवर, म्हणजे दातेरी पट्ट्यावर, मोटरला 18 आणि चाकाच्या शाफ्टला 40 दात द्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ‘775’ म्हणून मिळणाऱ्या सगळ्या मोटरींचा वेग एकच नसतो. लेबलवर विसंबू नका, टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) लावून बघा.

शाफ्टवर वजन चढवा

आधी धरलेल्या 150 ग्रॅमच्या चेंडूला गती आणि फिरकी मिळून साधारण 5.5 ज्यूल ऊर्जा लागते. चेंडू चाकावर येतो तेव्हा जवळजवळ थांबलेला असतो, त्यामुळे घासण्यातही तेवढीच जाते. म्हणजे प्रत्येक फेकीला चाकाकडून सुमारे 11 ज्यूल निघून जातात.

100 मिमी व्यासाची, 10 मिमी जाडीची लोखंडी चकती सुमारे 620 ग्रॅम भरते आणि 3,200 आरपीएमला तिच्यात 43 ज्यूल साठतात. त्यातून 11 गेले की वेग जवळपास 14 टक्के पडतो. अशा दोन चकत्या लावल्या तर तोच वेग साडेसहा टक्केच पडतो. मोटर मोठी केली तर पडलेला वेग लवकर भरून येतो, पण मुळात कमी पडावा यासाठी शाफ्टवरचं वजनच लागतं. वजनाची मर्यादा कडक असेल तर चकतीला मधून भोकं पाडा आणि कडेचं लोखंड राखा, कारण काम कडेचंच असतं. 600 ग्रॅमचा बास्केटबॉल असेल तर त्याच वेगाला निदान चौपट ऊर्जा लागेल, तेव्हा हा हिशेब नव्याने करा.

शाफ्ट 12 मिमीचा, ईएन 8 पोलादाचा घ्या, दोन्ही टोकांना 6001 बेअरिंग. चाक आणि पुली 4 मिमीच्या चावीने (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीने) बसवा. नुसत्या ग्रब स्क्रूवर (डोकं नसलेल्या बारीक स्क्रूवर) सोडलं तर थरथरीने तो ढिला होतो आणि मोटर फिरते, चाक मात्र नाही. ट्रॉलीचं कॅस्टर चाक वापरू नका. ते फार कडक असतं, शिवाय समतोल नसतं. भोसरीसारख्या औद्योगिक भागात लेथवर ॲल्युमिनियमचा हब टर्न करून त्यावर मऊ रबर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) चढवून घ्या, कडकपणा साधारण 40 ते 60 शोअर ए. मग बेल्ट काढून शाफ्ट बेअरिंगवर मोकळा फिरवा. दरवेळी तीच बाजू खाली येऊन थांबली तर त्या बाजूला थोडं ड्रिल करा.

हूड आणि दाब

चाक आणि हुडामधली फट चेंडूपेक्षा कमी हवी. फोमच्या 18 सेंमी चेंडूला 20 मिमी दाबापासून सुरुवात करा: फट 160 मिमी, म्हणजे चाकाच्या मध्यापासून हुडाची त्रिज्या 210 मिमी. चेंडू 60 ते 90 अंश चाकाला चिकटून राहिला पाहिजे. दाब कमी पडला तर चेंडू घसरतो आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वेगाने सुटतो. जास्त झाला तर चाक दमतं आणि फोमचे तुकडे निघू लागतात. नेमका आकडा आधी सांगता येत नाही, म्हणून हुडाच्या बोल्टना गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवा आणि 2-2 मिमीने सरकवत बघा.

हुडाला 3 मिमी पॉलिकार्बोनेट घ्या. ॲक्रिलिक स्वस्त असतं, पण तडकतं. मागून दोन फासळ्या द्या, नाहीतर चेंडू जाताना हूड फाकतो आणि मोजून ठेवलेला दाब वाया जातो. बाजूच्या पाट्यांना 12 मिमी प्लायवुड पुरतं.

चेंडू कसा आत जातो

रांगेतला पुढचा चेंडू चाकाला नुसता टेकला तरी वेग खातो. तो चाकापासून 10-15 सेंमी मागे अडवून ठेवा आणि दरवेळी त्याच वेगाने आत ढकला. हाताने सोडून चाचणी घेतली तर तिचे आकडे खरे धरू नका.

वेग मोजा, मगच सोडा

बॅटरी 12.6 व्होल्टवरून 11.1 वर आली की मोटरचा वेग 12 टक्के उतरतो आणि पल्ला वीसेक टक्क्यांहून जास्त घटतो. म्हणून ठरावीक पीडब्ल्यूएम (मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारा सिग्नल) देऊन भागत नाही. चाकावर समोरासमोर दोन चुंबकं आणि समोर ए3144 हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की ओळखणारा) लावा. हा सेन्सर एकाच ध्रुवाला ओळखतो, तेव्हा दोन्ही चुंबकांची तीच बाजू बाहेर हवी. आउटपुटला 10 किलोओहमचा पुलअप, म्हणजे आउटपुट आणि पुरवठ्याच्या धन टोकामधला रेझिस्टर, विसरू नका. ठोके मोजण्याऐवजी पूर्ण फेऱ्याला लागलेला वेळ मोजा. चुंबकं जराशी पुढेमागे बसली असली तरी मग आकडा उड्या मारत नाही.

कोडमध्ये लक्ष्य वेगाला साधारण किती पीडब्ल्यूएम लागतं ते थेट द्या आणि उरलेला फरक प्रमाणात भरा. वेग लक्ष्याच्या 2 टक्क्यांच्या आत 100 मिलिसेकंद टिकला, तरच फीडर, म्हणजे चेंडू आत ढकलणारी यंत्रणा, उघडू द्या. ही एक अट घातली की हातभर अलीकडे पडणारा दुसरा चेंडू बहुतेक वेळा जागेवर येतो.

चाचणी

आधी बाजूचं संरक्षक आवरण, वीज तोडणारं लाल बटण आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल, मगच चाक फिरवा. मोटर बंद केल्यावरही दोन चकत्यांमध्ये 86 ज्यूल असतात, ते थांबेपर्यंत हात घालू नका. जमिनीवर खडूची रेघ ओढून 10 चेंडू सलग फेका आणि प्रत्येक कुठे पडला ते लिहा. चेंडू पुढेमागे विखुरले तर वेग किंवा दाब तपासा. डावीउजवीकडे गेले तर चेंडू आत शिरताना कडेला घासतोय. सुरुवातीचे नीट आणि नंतरचे आखूड पडले तर चाकावर धूळ बसलीय. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रबर पुसा आणि तेच 10 चेंडू पुन्हा फेका.