पुढची रहस्यकथा कशी निवडावी

रहस्यकथा आणि थ्रिलर यांच्या शिफारशींना सध्या तोटा नाही. नवी वेबमालिका आली की तिच्यापाठोपाठ 'या शनिवार-रविवारी काय पाहाल' अशा याद्या येतात, आणि लोकलमध्ये शेजारी उभा असलेला प्रवासीही बहुधा मोबाइलवर कोणाचा तरी खून पाहत असतो. या याद्यांमध्ये नाव असते, तारे असतात आणि 'शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी' असा ठरावीक शेरा असतो. कशामुळे खिळवून ठेवणारी, हे क्वचितच सांगितलेले असते. म्हणून यादी उघडण्यापूर्वी वाचकाने स्वतःला विचारावे की, आपल्याला कथेतला कोणता प्रश्न जागे ठेवतो. खून कोणी केला, हा? तो का केला, हा? की खुनी डोळ्यांसमोर असताना तो सापडेल की निसटेल, हा? उत्तर मिळाले की निम्मी यादी आपोआप गळून पडते.

'कोणी केला' हा सर्वांत जुना प्रकार आहे आणि मुंबईच्या पार्श्वभूमीवर तो सध्या चांगलाच बहरला आहे. गंमत अशी की, त्यातले बरेचसे लेखन इंग्रजीत आणि परदेशात राहणाऱ्या लेखकांकडून झाले आहे. लंडनमध्ये वाढलेले आणि सुमारे दहा वर्षे मुंबईत नोकरी केलेले वसीम खान यांची 'मिडनाइट ॲट मलबार हाउस' (२०२०) ही कादंबरी ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री सुरू होते; तिची नायिका पर्सिस वाडिया ही देशातील पहिली महिला पोलीस निरीक्षक म्हणून कल्पिलेली आहे. सुजाता मॅसी यांची पेरवीन मिस्त्री १९२० च्या दशकातील मुंबईत वडिलांच्या सॉलिसिटर पेढीत काम करते. स्त्री असल्यामुळे तिला न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करता येत नाही, पण पडद्यातल्या स्त्रियांशी बोलण्याची मुभा तिलाच मिळते, आणि तपासाचे सगळे यंत्र या एका अडचणीवर चालते. कोडे सोडवण्याची हौस असलेल्यांनी या मालिकांचा पहिला भाग घ्यावा. मधूनच सुरुवात करू नये, कारण नायिकेच्या खासगी आयुष्याचा धागा भागागणिक पुढे जातो.

माझा स्वतःचा कल 'सापडेल की निसटेल' या प्रकाराकडे आहे, आणि रहस्य आवडत नाही असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी तोच सुचवतो. त्यात लेखकाला माहिती दडवून वाचकाला फसवण्याची सोय फारशी राहत नाही. गुन्हा आपल्यासमोर घडतो, गुन्हेगाराची भीती आपलीही होते, आणि पोलीस दारात आले की आपण नकळत चुकीच्या माणसाच्या बाजूने श्वास रोखून बसतो. परेश मोकाशी यांचा 'वाळवी' (२०२३) हा मराठी चित्रपट याच जातीचा आहे : पत्नीचा काटा काढण्याचा बेत पहिल्यापासून आपल्याला ठाऊक असतो आणि तो बेत कसा विसकटत जातो, यातच सगळी गंमत आहे. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जीतू जोसेफ यांचा मल्याळम 'दृश्यम' (२०१३) आणि निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेली त्याची हिंदी आवृत्ती (२०१५) याच रांगेतली. केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही जपानी कादंबरी तर या प्रकाराचा कळस मानावा लागेल. तिच्यावरून सुजॉय घोष यांनी २०२३ मध्ये 'जाने जान' हा चित्रपट केला. तो वाईट नाही, पण कादंबरीतला थंडपणा त्यात उतरलेला नाही.

'का केला' हा प्रकार मानसशास्त्राकडे झुकतो, वेळ जास्त मागतो आणि थकलेल्या संध्याकाळी झेपत नाही. तो सुट्टीसाठी राखून ठेवावा.

बातम्या कशा वाचाव्यात

नव्याची खबर ठेवायची असेल तर जाहिरातींपेक्षा पुरस्कारांचे वेळापत्रक उपयोगी पडते. रहस्य आणि गुन्हेकथांसाठी दिले जाणारे अमेरिकेतील एडगर पुरस्कार साधारण एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला आणि ब्रिटनमधील डॅगर पुरस्कार जुलैमध्ये जाहीर होतात. त्यांत विजेत्याच्या नावाइतकाच, किंबहुना अधिक, पुरस्काराचा विभाग पाहावा. डॅगरमध्ये ऐतिहासिक गुन्हेकथा, अनुवादित गुन्हेकथा, सत्य गुन्हेकथन असे निरनिराळे विभाग आहेत; वसीम खान यांच्या वरील कादंबरीला २०२१ चा ऐतिहासिक विभागातील डॅगर मिळाला होता. ज्या विभागातले एक पुस्तक आपल्याला आवडले, त्या विभागाच्या मागील तीन-चार वर्षांच्या लघुयाद्या (अंतिम फेरीतल्या पुस्तकांच्या याद्या) काढून पाहिल्या, की वर्षभराची बेगमी होते. लघुयादीतली पुस्तके बऱ्याचदा विजेत्यापेक्षा चमत्कारिक आणि धाडसी असतात.

पडद्याच्या बाबतीत बातमीत तीन नावे शोधावीत : लेखक, दिग्दर्शक आणि मूळ पुस्तक. प्रमुख नटाचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असते, पण रहस्य बांधण्याचे काम त्याचे नसते. श्रीराम राघवन किंवा वासन बाला या दिग्दर्शकांचे आधीचे काम पाहिलेल्या प्रेक्षकाला नवा चित्रपट आपल्या पिंडाचा आहे की नाही, हे झलक न पाहताही बऱ्यापैकी कळते. झलक पाहायचीच असेल तर अर्ध्यावर थांबवावी, आणि कलाकारांची यादी आधी मुळीच वाचू नये. अगदी किरकोळ भूमिकेत नावाजलेला नट दिसला की खुनी कोण, याचा अर्धा उलगडा तिथेच होऊन जातो.

पडद्यावरून पुस्तकाकडे

चांगली मालिका संपल्यावर 'असेच आणखी काय' असे शोधत बसण्यापेक्षा श्रेयनामावलीतील 'आधारित' ही ओळ पकडून मागे जावे. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली 'समांतर' (२०२०) ही मालिका सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवर आहे. तिथून शिरवळकरांच्या दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास या नायकांपर्यंत पोहोचता येते, आणि हा एक रस्ताच काही महिने पुरतो. 'मोनिका, ओ माय डार्लिंग' (२०२२) हा हिंदी चित्रपट पुन्हा हिगाशिनोंकडे नेतो. राघवन यांचा मुंबईत घडणारा 'मेरी ख्रिसमस' (२०२४) फ्रेडेरिक दार या फ्रेंच लेखकाकडे. पुस्तक आधी की चित्रपट आधी, या वादात माझे मत असे की, 'कोणी केला' प्रकारात पुस्तक आधी वाचावे, कारण छापील पानावर सूत्रे पुन्हा मागे जाऊन तपासता येतात. बाकीच्या प्रकारांत क्रमाने फारसे बिघडत नाही.

सत्य घटनांवरील मालिकांना मात्र वेगळी शिस्त लागते. सोनी लिव्हवरील 'मानवत मर्डर्स' (२०२४) परभणी जिल्ह्यातील १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या हत्यासत्रावर आहे आणि तिचा आधार तपासप्रमुख रमाकांत कुलकर्णी यांचे 'फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम' हे आत्मकथन आहे. १९६८ मध्ये मुंबईला भयभीत करणाऱ्या रामन राघवचा तपासही कुलकर्णी यांच्याच नेतृत्वाखाली झाला होता, त्यामुळे मालिका पाहून पुस्तकाकडे गेलेल्या वाचकाला मुंबईच्या क्राइम ब्रँचचा एक काळच हाती लागतो. चिन्मय मांडलेकर यांचा 'इन्स्पेक्टर झेंडे' (२०२५) याच्या अगदी उलट टोकाचा आहे. मुंबई पोलिसांतील मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराज या कुख्यात गुन्हेगाराला १९७१ मध्ये मुंबईत आणि तिहारमधून पळाल्यावर १९८६ मध्ये गोव्यात पकडले, हे खरे; चित्रपटात मात्र गुन्हेगाराचे नाव बदलले आहे आणि सूर विनोदी ठेवला आहे. तो पाठलागाची मौज म्हणून पाहावा, इतिहास म्हणून नव्हे. पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेले नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्यावर (१९५९) तर इतके चित्रपट, नाटके आणि पुस्तके झाली आहेत की, एकच प्रकरण निरनिराळे लेखक कसे वाकवतात, याचा अभ्यास करायचा असेल तर त्याहून चांगला नमुना नाही. ज्युरीने नानावटींना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले आणि न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, एवढा कणा लक्षात ठेवून बाकीचे पाहावे.

तपास खरा वाटतो का

कल्पित कथेकडून कायद्याच्या पुस्तकाची अपेक्षा कोणी करत नाही, पण काही ठिकाणी लेखकाने गृहपाठ केला आहे की नाही, हे चटकन तपासता येते. कोठडीत आरोपी पोलिसांसमोर सगळे कबूल करतो आणि प्रकरण मिटते, असा शेवट दिसला की सावध व्हावे. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आणि चांगला लेखक या अडचणीतूनच नाट्य निर्माण करतो. पंचनाम्याला पंच आहेत का, अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर नेले का, नमुने कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाऊन अहवाल यायला वेळ लागतो की चहा संपण्याआधी येतो, हेही पाहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे खुनाचे कलम आता ३०२ राहिलेले नाही, १०३ आहे. त्यानंतर घडणाऱ्या कथेतला निरीक्षक नव्या खुनावर '३०२ लावा' असे म्हणाला, तर ती एक तर जुनी सवय म्हणून दाखवलेली असावी किंवा लेखकाची डुलकी.

मुंबईकराच्या हाती आणखी एक कसोटी आहे, ती शहराची. सीएसएमटीला चढलेला संशयित गाडी न बदलता बोरिवलीला उतरला, तर त्या लेखकाच्या बाकीच्या सूत्रांवर किती विश्वास ठेवायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. १९५० च्या मुंबईत ट्राम धावली पाहिजे (ती १९६४ मध्ये बंद झाली) आणि दारूबंदीमुळे चोरटे गुत्ते असले पाहिजेत. मात्र ही कसोटी आंधळेपणाने लावू नये. एच. आर. एफ. कीटिंग यांनी इन्स्पेक्टर घोटे या मुंबई पोलिसाची पहिली कादंबरी १९६४ मध्ये भारतात एकदाही पाऊल न ठेवता लिहिली आणि तिला डॅगर पुरस्कार मिळाला. रस्ते कुठे कुठे गडबडले असतील, पण वरिष्ठांच्या धाकात वावरणारा, तरीही चिकाटी न सोडणारा तो अधिकारी आजही ओळखीचा वाटतो.

जुने मराठी कुठे शोधावे

नव्याच्या मागे धावताना हाताशी असलेला साठा विसरला जातो. बाबूराव अर्णाळकर यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या; गुरुनाथ नाईक यांचाही पसारा तेवढाच मोठा. सगळे वाचण्याचा विचारही करू नये. अर्णाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्यापैकी एक नायक निवडून त्याच्या दोन-तीन कथा वाचाव्यात. वेग आवडला तर पुढे जावे. आजच्या वाचकाला त्यांतले योगायोग खटकतील, पण प्रकरणाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवण्याचे जे कसब आज मालिकांमध्ये वाखाणले जाते, ते तिथे चार आण्यांच्या कागदावर दिसते. भीती आणि गूढ यांची ओढ असलेल्यांनी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्याकडे वळावे, मात्र तिथे पोलीस तपासाची अपेक्षा ठेवू नये.

ही पुस्तके दुकानांत नेहमी मिळतातच असे नाही. दादर पूर्वेचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, उपनगरांतील जुनी वाचनालये आणि फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील पुस्तकविक्रेते, या क्रमाने शोध घ्यावा. मराठी पुस्तके ठेवणाऱ्या विक्रेत्याला लेखकाच्या नावाबरोबर नायकाचे नावही सांगावे, कारण या कथा वाचकांच्या तोंडी नायकाच्याच नावाने राहिल्या आहेत. जुनी प्रत हाती आली की कागद किती ठिसूळ झाला आहे, हे कडेचे एखादे पान हलके वाकवून पाहावे. अनेक हातांतून फिरलेल्या प्रतींची शेवटची पाने गळालेली असण्याचा संभव मोठा असतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी तीही पाहावीत. पाहताना नजर फक्त पृष्ठक्रमांकांवर ठेवावी आणि मजकुरावर तळहात ठेवावा.