चोक सोडला की बाईक बंद पडायची, पायलट जेट साफ केल्यावर सुटलं

ऐरोलीत बिल्डिंगखाली उभी असते माझी जुनी १०० सीसी बाईक, पावसाळ्यात सकाळी चोकवर (चोक ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त जातं) मस्त चालायची आणि चोक सोडला की लगेच बंद, म्हणजे आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) फ्लोट बाऊलचा, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा, ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल बाटलीत घेतलं तर तळाला पाण्याचे थेंब, इथेनॉलवालं पेट्रोल दमट हवेत पाणी ओढतंच. मग कार्ब उतरवून पायलट जेट (आयडलचं पेट्रोल ज्याच्या बारीक भोकातून जातं तो) त्यावर क्लीनर मारून हवेने फुंकला, त्यात तार अजिबात घालू नका, भोक मोठं होतं. मिक्स्चर स्क्रू (आयडलचं हवा-पेट्रोल प्रमाण ठरवणारा) हलकेच पूर्ण बसवून साधारण दीड-दोन फेरे बाहेर घेतला, बारीक सेटिंग इंजिन गरम झाल्यावरच. आता एका किकमध्ये उठते, खूप बरं वाटतं. मॅनिफोल्डचं (कार्ब आणि इंजिन जोडणारं) रबरही बघून घ्या, तडा असला तरी हीच लक्षणं दिसतात.